आजचे पैलवान जुन्या मातीत टिकले असते का?



परवा आमच्या गावच्या यात्रेची दंगल झाली. पारोळा तालुक्यातलं छोटंसं गाव आमचं. नेहमीप्रमाणे आधी रेवड्या-नारळावर पोरासोरांच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, मग भांड्यांच्या, आणि दिवस मावळायच्या टायमाला मानाची कुस्ती. मानाची कुस्ती सहा-सात मिनिटांत निकाली झाली. डफ वाजला, फेटा बांधला, लोक उठायला लागले. माझ्या शेजारी आप्पा बसले होते. वय ऐंशीच्या घरात, दोन्ही कान चेमटलेले, म्हणजे काय ते समजून घ्या. आप्पा म्हणाले, "आतेना पहिलवान गादीवरना. मातीमा उना ते धा मिनिटमा धापा टाकी."

झालं. मागे बसलेली पोरं खवळली. एक म्हणे, "आप्पा, आपल्या चाळीसगावचा विजय चौधरी काय गादीवरचा म्हणून कमी आहे का?" आप्पा म्हणे, त्याला आमच्या वेळच्या दंगलीत तासभर उभा करा, मग सांगा. ओट्यावरचा वाद चहाच्या टपरीवर गेला, तिथून व्हॉट्सअॅप ग्रुपवर. रात्री अकरापर्यंत दोन पार्ट्या पडलेल्या. एक म्हणते जुनं ते सोनं, आजची पोरं नाजूक. दुसरी म्हणते जुने पैलवान आजच्या मॅटवर एक मिनिट टिकले नसते.

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. पण हा प्रश्न दिसतो तेवढा टाइमपासचा नाही. त्याच्यामागे आपल्या पोरांचं नुकसान लपलेलं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी माती आणि मॅट यांतला फरक नीट समजून घेऊ. कारण दोन्ही पार्ट्या "कुस्ती" हा एकच शब्द वापरतात आणि दोन वेगळ्या खेळांबद्दल बोलतात.

मातीत पाय रुततो. खेळ संथ होतो. पकड, मान, कंबर आणि दम यांची परीक्षा असते. लांग धरता येते. जुन्या निकाली कुस्तीत घड्याळच नव्हतं. समोरच्याची पाठ लागली की कुस्ती सुटली, तोवर चालू. पालथं पडून राहणं हा हारण्याचा प्रकार नव्हता, तो बचाव होता. समोरचा वर बसून घिस्सा मारतोय, मानेवर रट्टे देतोय, आणि तुम्ही मातीला घट्ट चिकटून आहात. अर्धा तास चिकटलात तरी तुमचं काही गेलं नाही. लोक कंटाळले की पंच बरोबरीत सोडवायचे.

मॅटवर सगळं उलटं. पायात बूट, पृष्ठभाग सपाट आणि वेगवान. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मधे तीस सेकंदांची विश्रांती. ताबा घेतला की दोन गुण. पालथा पडलेल्याला भारंदाज मारून फिरवला की दरवेळी दोन गुण. नऊ मीटरच्या वर्तुळाबाहेर ढकललं तरी एक गुण. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली, पाठ लागो न लागो.

आता माझ्या पुतण्याची गोष्ट सांगतो. पोरगा १७ वर्षांचा. आसपासच्या पाच-सात गावांच्या यात्रेत त्याची पाठ कोणी लावलेली नाही. घरात पितळी भांडी ठेवायला फळी कमी पडते. गेल्या वर्षी निवड चाचणीला घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर उभा राहिला, तेही दुसऱ्याचे बूट घालून. समोरचं पोरगं अंगाने याच्यापेक्षा बारीक. शिट्टी वाजली, त्याने खाली घुसून दुहेरी पट काढला. दोन गुण. आमचा पोरगा सवयीप्रमाणे पालथा पडून घट्ट चिकटला, मातीत असतो तसा. त्या पोराने कमरेला मिठी मारली आणि भारंदाज फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. दहा-शून्य. दोन मिनिटं पण झाली नव्हती. पोरगा उठून माझ्याकडे बघतोय. त्याला वाटतंय कुस्ती चालू आहे, कारण पाठ तर लागलीच नाही. पंचाने समोरच्याचा हात वर केला तेव्हा कळलं.

येताना गाडीत धुळ्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

त्या रात्री मला गामा पैलवानाची कुस्ती आठवली. १९१० साली गामा लंडनला गेला. पोलंडचा झिबिस्को त्या काळचा नामांकित मल्ल, अंगाने मोठा. गामाने त्याला सुरुवातीलाच खाली घेतला. आणि झिबिस्को पालथा पडून मॅटला चिकटला तो चिकटलाच. अडीच तासांहून जास्त वेळ! शेवटी कुस्ती बरोबरीत सोडावी लागली. पुढे १९२८ साली पटियालाच्या महाराजांनी दोघांना पुन्हा समोरासमोर आणलं. या वेळी आपली माती, आपला आखाडा. गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोची पाठ लावली. १९१० ला अडीच तास, १९२८ ला एक मिनिटही नाही. मधल्या अठरा वर्षांत दोघांचंही वय वाढलं होतं हे खरं, पण बदललेल्या जमिनीचा वाटाही मोठा होता.

बघा गंमत. झिबिस्कोने जे केलं तेच माझ्या पुतण्याने केलं. १९१० च्या नियमात त्याने जगज्जेत्याशी बरोबरी साधली असती. आजच्या नियमात दोन मिनिटांत घरी. आणि झिबिस्कोला आजच्या मॅटवर आणला तर गामानेच काय, आपल्या राज्यातल्या चांगल्या ज्युनियर पोराने पण चार भारंदाज मारून दहा गुण घेतले असते, जर तो तसाच पडून राहिला तर. पण तो तसा पडून राहिला नसता. नियम कळले असते तर त्याने दुसरा बचाव शिकला असता. माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

आप्पांच्या पार्टीला म्हणून सांगतो. जुने पैलवान मॅटवर टिकले नसते हे जसं खोटं, तसंच आजचे मातीत टिकले नसते हे पण खोटं. पुरावा आपल्याच राज्यात आहे.

खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. मातीतच वाढलेले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅट आणि तिथले नियम त्यांना नवखेच होते. सहावे आले. त्यानंतर चार वर्षं घासली, आणि १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ पदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले, गावाने वर्गणी काढली. म्हणजे गुण मातीतलेच होते, फक्त मॅट कळायला वेळ आणि कोणीतरी पाठीशी उभं राहायला हवं होतं.

दुसरं उदाहरण १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं. गणपतराव आंदळकर आणि मारुती माने. दोघेही मातीतले, दोघेही पुढे-मागे हिंदकेसरी. मारुती मानेंनी फ्रीस्टाईलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य घेतलं, आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य. ग्रीको-रोमन म्हणजे कमरेखाली हातच लावायचा नाही. पट नाही, लांग नाही, टांग नाही. आपल्या अर्ध्या डावांना कुलूप. तरी तालमीतल्या माणसाने सुवर्ण आणलं.

आता उलट बाजू. आजचा पैलवान मातीत? यासाठी कल्पना करायची गरजच नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धा हा प्रयोग दरवर्षी आपल्या डोळ्यांसमोर करते. १९६१ पासून चालू असलेल्या या स्पर्धेत आता माती विभाग वेगळा, गादी विभाग वेगळा, आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी एकमेकांना भिडतात. निकाल बघा. २०१७ ला भूगावला गादीचा अभिजित कटके जिंकला, मातीचा किरण भगत हरला. २०१८ ला जालन्यात मातीचा बाला रफिक शेख जिंकला आणि हरला कोण, तर तोच कटके. २०२० ला गादीचा हर्षवर्धन सदगीर, मातीच्या शैलेश शेळकेवर. २०२३ च्या जानेवारीत गादीचा शिवराज राक्षे, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मातीचा सिकंदर शेख, त्याच राक्षेवर. कधी इकडे, कधी तिकडे.

त्यातली २०२० ची फायनल अनेकांनी टीव्हीवर पाहिली असेल. सदगीर आणि शेळके दोघेही काका पवारांच्या एकाच तालमीतले. एक गादीतून आला, एक मातीतून. कुस्ती झाल्यावर जिंकलेल्या सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं होतं. एकाच तालमीत दोन्ही शिकवलं जात असेल तर भांडण राहतंय कुठे?

आणि आपला विजय चौधरी. सायगाव बगळीचा, चाळीसगाव तालुका. २०१४, २०१५, २०१६ सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. त्याआधी सलग तीनदा फक्त नरसिंग यादवने केलं होतं. नंतर पोलीस उपअधीक्षक झाला, आणि २०२३ ला कॅनडात विनिपेगला पोलीस आणि अग्निशमन दलांच्या जागतिक स्पर्धेत पण सुवर्ण घेऊन आला. हा पैलवान १९६० च्या दंगलीत चमकला असता का?

माझं प्रामाणिक मत सांगतो. आज आहे तसा उचलून १९६० च्या आखाड्यात टाकला तर पहिला सीझन जड गेला असता. सहा मिनिटांसाठी कमावलेला दम आणि तासाभरासाठी कमावलेला दम वेगळा. इथे आप्पा बरोबर आहेत, कबूल. पण दोन सीझन मातीत घोळला असता तर मानाच्या कुस्त्या त्याच्याच असत्या. कारण ज्या पोराने लहानपणापासून पहाटे उठून हजार-हजार जोर-बैठका मारल्या, घर सोडून परमुलखात तालीम केली, त्याची सवय शिकण्याची असते. माती शिकायला त्याला किती वेळ लागला असता?

पण थांबा. तो १९६० मध्ये खरंच जन्माला आला असता तर? तेव्हा त्याच्याकडे आजची तयारी नसती, त्या काळात जे मिळालं असतं तेच असतं. आणि इथे आपण खान्देशी लोकांनी जरा आपल्याकडे बघायला पाहिजे.

कोल्हापूरला शाहू महाराज होते, खासबागचं मैदान होतं. सांगली, बडोदा, पटियाला, सगळीकडे संस्थान होतं आणि संस्थानाचा पैसा होता. पैलवानाचा खुराक राजवाड्यातून यायचा. खान्देश १८१८ पासून थेट इंग्रजांच्या ताब्यात. आपल्याला राजा नव्हता. इथला पैलवान गावाच्या वर्गणीवर आणि बापाच्या कापसावर जगला. कापूस बरा आला तर बदाम, नाही आला तर कळण्याची भाकरी आणि शेंगदाणे. असे किती विजय चौधरी दहा गावांच्या यात्रा जिंकून, पितळी भांडी घरी आणून, लग्न होऊन शेतात गेले असतील. आप्पांनाच विचारा, ते स्वतः त्यातले एक आहेत. गुडघ्याची वाटी सरकली आणि पंचविशीत कुस्ती संपली. तेव्हा ऑपरेशन कोण करणार? हाडवैद्याने तेल चोळलं, बस. आज तसाच गुडघा गेलेला पैलवान ऑपरेशन करून वर्षभरात परत उभा राहू शकतो.

जुन्या काळाला सोनं म्हणताना अजून एक गोष्ट विसरू नका. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी. ती साठ वर्षांपूर्वी चमकली असती का? चमकायचं सोडा, आखाड्याच्या पाळीवर पाय ठेवू दिला नसता. तिच्यासाठी जुना काळ नव्हताच. ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती आली ती २००४ ला. त्यामुळे "पहिले खरे पैलवान होते" म्हणताना निम्म्या पोरी त्या हिशोबात धरल्याच जात नाहीत.

आणि आजची पोरं नाजूक म्हणणाऱ्यांनी पॅरिस ऑलिंपिक आठवा. २०२४ ला विनेश फोगाट फायनलला पोचून १०० ग्रॅम वजनासाठी बाद झाली. अमन सेहरावतने रात्रभर घाम गाळून साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी ब्राँझ घेतलं. जुन्या पैलवानांना खाण्याचा जोर लागायचा, आजच्यांना न खाण्याचा पण लागतो. अवघड दोन्ही काळात होतं.

मग या वादात नुकसान कुणाचं? माझ्या पुतण्याचं. आणि तुमच्या घरातल्या त्याच्यासारख्या पोराचं.

आपण "मातीच खरी" म्हणून छाती फुगवतो, पण शालेय स्पर्धा मॅटवर. विद्यापीठ मॅटवर. राष्ट्रीय मॅटवर. खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी ज्या पदकांवर मिळते ती पदकं मॅटवरची. आपण पोराला वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत फक्त मातीत फिरवतो, पाठीवर थाप मारतो, फेटा बांधतो, आणि मग एक दिवस उसन्या बुटात मॅटवर ढकलतो. तो दहा-शून्य हरला की म्हणतो, आजच्या पोरांत दम नाही. दम आहे हो. त्याला नियम कोणी सांगितले?

ज्याच्या बापाची ऐपत आहे तो पोराला पुण्या-कोल्हापूरला ठेवतो. महिन्याचा खर्च ज्यांनी केला त्यांना माहीत आहे. ज्याची ऐपत नाही त्याचं पोरगं रेवडीपासून भांड्यापर्यंत पोचतं आणि तिथेच थांबतं. राजा नसल्याने साठ वर्षांपूर्वी जे व्हायचं तेच आज मॅट नसल्याने होतंय.

म्हणून फक्त भांडण्यापेक्षा तीन गोष्टी सुचवतो. आपल्या यात्रा कमिट्यांनी, माझ्या गावाच्या कमिटीसकट, विचार करावा.

एक. यंदा आमच्या गावात शेवटची कुस्ती ५१ हजारांची होती. पैलवान बाहेरचा, पैसे बाहेर गेले. त्याला विरोध नाही, मोठा पैलवान बघूनच लहान पोरं तालमीत येतात. पण डीजे, बॅनर, सत्काराच्या शाली आणि बक्षिसातला थोडा भाग, असं तीन-चार शेजारच्या गावांनी मिळून दोन-तीन वर्षं बाजूला काढलं तर सरावापुरता मॅट येतो. स्पर्धेचा पूर्ण मापाचा नको, सरावाचा चालेल. एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर सभामंडपात टाकता येईल.

दोन. मॅट येईपर्यंत दंगलीतल्या दहा कुस्त्या तरी मातीतच, पण गुणांवर आणि सहा मिनिटांच्या लावा. नियम माहीत असलेला एक पंच बोलवा, त्याला माईक द्या, गुण का दिला ते लोकांना सांगू द्या. पोरांना कळेल, आणि ओट्यावर बसलेल्या आपल्यालाही कळेल.

तीन. माती मोडू नका. काही जण म्हणतील हा माती बुजवायला निघाला. अजिबात नाही. मान, पकड, कंबर मातीतच तयार होते. पंधरा दिवसांतून दोनदा मॅट मिळाला तरी फरक पडेल, बाकीचे दिवस माती आहेच.

काल संध्याकाळी हे सगळं आप्पांना वाचून दाखवलं. वाटलं चिडतील. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा गामाच्या ठिकाणी मान डोलावली. गुडघ्याच्या ठिकाणी काही बोलले नाहीत. शेवटी विचारलं, "त्या बूट कितलाना येतस रे?"

मी किंमत सांगितली. म्हणाले, पुतण्याला उद्या सकाळी माझ्याकडे पाठव.

मंडळी, तुमच्या गावात मॅट आहे का? असेल तर कुठे, आणि बाहेरच्या गावच्या पोराला सराव करू देतात का? कमेंटमध्ये लिहा, इथल्या पोरांना उपयोग होईल. आणि तुमच्या यात्रा कमिटीत कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोचवा. आमच्या कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, मी हा विषय मांडणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी सांगा.

जय खान्देश.